वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर?

मार्च २०२४ मध्ये गूगलने एक सेवा गुंडाळली. दुकानदाराने गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद केली की तिथूनच दोन-चार बटणे दाबून एक फुकट वेबसाइट तयार होत असे. २०१७ पासून भारतातल्या लहान व्यावसायिकांपुढे ही सोय हौसेने मांडली गेली होती. त्या सगळ्या साइट बंद झाल्या. जुना पत्ता टाकणाऱ्याला १० जूनपर्यंत गूगलवरच्या नोंदीकडे वळवले जात होते, नंतर तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डांवर, लोणच्याच्या लेबलांवर आणि टेम्पोच्या मागे रंगवून घेतला होता, त्यांच्याकडे रंग तेवढा उरला.

नवा धंदा सुरू करणारा माणूस वेबसाइटबद्दल साधारण दोन प्रश्न विचारतो: किती पैसे लागतील आणि कोण करून देईल? दोन्ही रास्त आहेत, पण त्यांच्या आधी आणखी दोन येतात. साइटने नेमके कोणते काम करायचे? आणि ती कुणाच्या नावावर असणार? हे दोन ठरले की पैशांचा आणि माणसाचा प्रश्न बराच सोपा होतो. ते न ठरवता पैसे मोजले की दोन वर्षांनी तेच काम पहिल्यापासून करावे लागते.

गरज कुणाला आहे?

या बाबतीत बाजारात तीन मते आहेत आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिले मत: व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला? व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले. त्यात मालाची यादी लावता येते, ठरावीक उत्तरे साठवता येतात आणि गिऱ्हाइकाशी थेट बोलता येते. ज्याचे गिऱ्हाईक दोन किलोमीटरांच्या आतले आहे, त्या डबेवाल्या काकूंना, इस्त्रीवाल्याला, ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना एवढे पुरते. त्यांनी नकाशावरची नोंद नीट भरावी, वेळा आणि फोन नंबर बरोबर ठेवावेत, दुकानाच्या पाटीचा फोटो टाकावा आणि वेबसाइटचे पैसे वाचवावेत.

पण या मताचा कमकुवतपणाही दिसून गेला आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकवर प्रेक्षक जमवलेल्यांची वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकदम बंद पडले आणि तेवढा वेळ अनेकांचे दुकानच बंद राहिले. असे प्रसंग क्वचितच येतात. रोजची अडचण वेगळी असते. गेल्या दिवाळीत फराळाचा जो दर सांगितला होता, तो शंभर पोस्टांखाली गाडला जातो. मग तोच दर नव्याने विचारणाऱ्या प्रत्येकाला हाताने टाइप करून पाठवावा लागतो.

दुसरे मत: गर्दी आहे तिथे जावे, म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा खोल्या भाड्याने देणाऱ्या मोठ्या साइटवर. तिथे गिऱ्हाईक आयते मिळते, पैसे वसूल होतात, काही ठिकाणी माल पोचवण्याचीही सोय असते. त्याबदल्यात कमिशन जाते आणि गिऱ्हाईक कोण हे आपल्याला कळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींहून अधिक दंड केला. त्यामागच्या कारणांत एक अट होती: हॉटेलवाल्याने आपली खोली दुसरीकडे, अगदी स्वतःच्या साइटवरसुद्धा, कमी दरात विकायची नाही. बड्या बाजाराच्या दारात उभे राहिले की त्याच्या अटी कुठवर पोचतात, हे कळायला तेवढे उदाहरण पुरे.

तिसरे मत: स्वतःची साइट हवीच. हे सर्वांना लागू नाही, पण तीन प्रकारच्या धंद्यांना नक्की लागू आहे. एक, गिऱ्हाईक लांबचे आहे. दोन, ते आगाऊ पैसे देणार आहे. तीन, घेण्याआधी त्याला बरेच काही समजून घ्यायचे आहे. दापोलीजवळ तीन खोल्यांचे घरगुती निवासस्थान चालवणाऱ्याला पुण्यातले अनोळखी कुटुंब पाच हजार रुपये पाठवते, तेव्हा समोर खरे घर आहे याची त्या कुटुंबाला खात्री हवी असते. देवगडच्या बागायतदाराचेही तसेच. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ‘हा खरा हापूस कशावरून?’ हा प्रश्न संपलेला नाही. बाग कुठे आहे, आंबा कोणत्या महिन्यात उतरतो, पिकवण्यासाठी कायद्याने बंदी असलेले कार्बाइड वापरत नाही तर काय करतो, पेटीत आंबा खराब निघाला तर काय, हे सविस्तर सांगायला स्वतःचे पान लागते.

आधी नाव

साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, हा या सगळ्या खर्चातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग. ‘डॉट इन’ची नावे २००५ पासून सर्वांना सहज घेता येतात आणि त्यांचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते. वर्षाला काही शे ते हजार-बाराशे रुपयांत नाव मिळते. पहिल्या वर्षी ते नव्याण्णव रुपयांत देणारे दुसऱ्या वर्षीचा दर बारीक अक्षरांत लिहितात, म्हणून नूतनीकरणाचा दर पाहूनच नाव घ्यावे.

मराठी नाव रोमन लिपीत कसे लिहायचे, यावर मात्र थोडा वेळ घालवावा. ‘वाळवण’ लिहिताना कुणी व्ही लिहील, कुणी डब्ल्यू. ‘ज्ञानदा’ कुणी डी-एन-वायने सुरू करील, कुणी जी-वायने. नाव फोनवरून दहा जणांना सांगून पाहावे. त्यांनी ज्या स्पेलिंगने लिहिले ते निवडावे आणि दुसरे जवळचे स्पेलिंगही परवडत असेल तर घेऊन पहिल्याकडे वळवावे. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हा पत्ताही मिळतो आणि तो मराठी, कोकणीसह आठ भाषांना चालतो. पाटीवर तो छान दिसतो. पण असा पत्ता आणि त्यावरचा ई-मेल अजूनही कित्येक फॉर्म ‘चुकीचा’ म्हणून परत करतात. त्यामुळे तो जोडीला घ्यावा, एकटा नको.

आता मुख्य गोष्ट. नाव कुणाच्या नावावर नोंदले आहे? अनेकदा साइट करणाराच आपल्या खात्यातून, आपल्या ई-मेलवर, आपल्या कार्डाने डोमेन घेऊन टाकतो. हेतू वाईट असतोच असे नाही. गिऱ्हाइकाचा त्रास वाचावा म्हणून तो ते करतो. पण जमीन आपण कसायची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी ही स्थिती. तो माणूस नोकरीला बंगळुरूला गेला, त्याचा नंबर बदलला किंवा त्याच्याशी पैशांवरून वाजले, की आपले नाव अडकते. म्हणून डोमेनचे खाते मालकाने स्वतः, स्वतःच्या ई-मेलवर आणि मोबाइलवर उघडावे, दुहेरी पडताळणी चालू करावी आणि करणाऱ्याला लागेल तेवढाच प्रवेश द्यावा. नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहावी. ‘डॉट कॉम’सारखे नाव मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात परत मिळू शकते. नंतर तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो आणि तेव्हाचा दंड मूळ दराच्या कितीतरी पट असतो. त्यानंतर ते कुणीही उचलू शकते.

बांधणारे चार

साइट करून घेण्याचे चार मार्ग आहेत. पहिला, आपणच करणे. विक्स, शॉपिफाय, झोहो यांच्यासारख्या सेवांवर तयार नमुने असतात. दरमहा काहीशे ते दोन हजारांपर्यंत भाडे भरायचे आणि आपला मजकूर टाकायचा. सुरक्षा, अपडेट, सर्व्हर यांची काळजी त्यांची. उणेपणा एवढाच की भाडे थांबले की साइट थांबते आणि एका सेवेवरून साइट उचलून दुसरीवर जशीच्या तशी नेता येत नाही.

दुसरा, वर्डप्रेस. २००३ मध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रणाली आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइटच्या मुळाशी आहे. ती फुकट आहे. पैसे होस्टिंगचे, म्हणजे साइटच्या फायली ज्या संगणकावर राहतात त्याच्या भाड्याचे, आणि मांडणी करून देणाऱ्याचे. हिचा सर्वांत मोठा फायदा असा की एक माणूस सोडून गेला तरी ती येणारा दुसरा गावात मिळतो. तोटा असा की तिची निगा राखावी लागते. शिवाय स्वस्तात काम करणारे काही जण विकतची थीम चोरून वापरतात. अशा फायलींत घुसखोरांसाठी दार उघडे ठेवलेले असू शकते. थीम आणि प्लगिन कुठून घेतले, त्याची पावती मागितली तर चांगला कारागीर रागावत नाही.

तिसरा मार्ग एजन्सीचा. लेखन, छायाचित्रण, मांडणी, जाहिरात असे सगळे काम एका छताखाली होते. पण नव्या लहान धंद्याला त्यातले बरेचसे पहिल्या वर्षी लागत नाही. चौथा मार्ग म्हणजे इंजिनीअरिंगला असलेला भाचा. तो मन लावून साइट करतो, कधी कधी सुंदरही करतो. मग त्याची परीक्षा येते, नोकरी लागते आणि मामींना दर बदलायचा असतो तेव्हा तो फोन उचलत नाही. नात्यातल्या माणसाकडून करून घ्यावे, पण पासवर्ड, खाती आणि दर कसा बदलायचा याचे एका पानाचे टिपण आपल्या कपाटात असावे.

निवड करताना करणाऱ्याने दाखवलेल्या नमुन्यांपेक्षा त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या साइट आज कशा आहेत ते पाहावे. तीन वर्षांपूर्वी केलेली साइट फोनवर उघडते का, त्यावरचा नंबर लागतो का, तळाशी कोणते साल लिहिले आहे, यातून बरेच समजते.

कागदावर काय हवे

पैसे दिले म्हणजे काम आपले झाले, असे आपल्याला वाटते. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसे म्हणत नाही. पैसे देऊन छायाचित्र काढून घेतले तर, वेगळे ठरले नसल्यास, पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. कोड आणि मजकूर यांचा मात्र तसा नाही. बाहेरच्या माणसाने स्वतंत्रपणे लिहिले असेल तर पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. तो आपल्याकडे यायचा तर लेखी हस्तांतरण लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईतल्या मराठी कुटुंबांना माल पाठवू पाहणाऱ्याने ही ओळ विसरू नये.

त्यासाठी वकील गाठायलाच हवा असे नाही. एका पानाच्या करारात पुढचे मुद्दे आले तरी पुष्कळ: किती पाने, कोणत्या भाषांत, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, मजकूर आणि फोटो कोण देणार, पैसे कोणत्या टप्प्यांत, कोड, मजकूर आणि मांडणी यांचे हक्क पूर्ण पैसे मिळताच कायमचे आणि जगभरासाठी मालकाकडे, सगळे पासवर्ड आणि फायलींची एक प्रत शेवटच्या हप्त्याआधी मालकाच्या ताब्यात, नंतरच्या देखभालीचा वार्षिक दर. शेवटचा हप्ता एकूण रकमेच्या चौथ्या हिश्शाहून कमी नसावा. कामे बहुधा शेवटच्या टप्प्यात रेंगाळतात, आणि तेव्हा हातात काही राखून ठेवलेले बरे.

मजकूर कुणी लिहायचा?

साइट रखडण्याचे खरे कारण तांत्रिक क्वचितच असते. करणारा मजकुराची वाट पाहतो आणि मालक ‘तुम्हीच काहीतरी लिहा’ म्हणतो. मग ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ छापाची वाक्ये येतात. ती कुठल्याही साइटवर चालतात, म्हणून कुठल्याच साइटच्या कामाची नसतात. गोडा मसाला विकणाऱ्याने मिरची कुठली, खोबरे भाजलेले की कच्चे, किती दिवस टिकतो, अर्ध्या किलोत चार माणसांच्या घरात किती महिने जातात, हे लिहावे. निवासस्थानवाल्याने पार्किंगमध्ये मोठी गाडी वळते का, शेवटचा रस्ता कच्चा आहे का, समुद्र चालत किती मिनिटे, शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यांत होते का, हे लिहावे. हे ज्ञान फक्त मालकाकडे असते. कोणत्याही एजन्सीला किंवा आता हाताशी आलेल्या लेखनयंत्रांना ते ठाऊक नसते. यंत्राकडून भाषा साफ करून घेता येईल, पण खोबरे भाजलेले की कच्चे हे त्याला आपणच सांगावे लागेल.

मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. लेबल आणि पत्रके करणारा डीटीपीवाला बरेचदा जुन्या फॉन्टमध्ये काम करतो. तो मजकूर साइटवर चिकटवला की चिन्हांचा गोंधळ दिसतो. मग त्यावर तोडगा म्हणून मजकुराचे चित्र करून टाकतात. चित्रातली अक्षरे फोनवर वाचायला बारीक पडतात, कॉपी होत नाहीत आणि शोधयंत्राला ती वाचता येतीलच याचा भरवसा नसतो. मजकूर युनिकोडमध्येच मागावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो’ असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. पानाची भाषा मराठी असल्याची खूण कोडमध्ये घालायला सांगावी, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. आणि लोक शोधताना ‘उकडीचे मोदक’ रोमन अक्षरांतही टाइप करतात, म्हणून पदार्थाचे आणि गावाचे नाव दोन्ही लिप्यांत कुठेतरी असावे.

फोटो स्वतःच्या मालाचे, दिवसाच्या उजेडात काढलेले असावेत. फोनवरून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला तर तालुक्याच्या गावी पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. तो आकाराने लहान करून टाकणे हे करणाऱ्याचे काम आहे आणि ते करारात लिहिता येते.

विक्री सुरू केली की

माहिती देणारी साइट आणि पैसे घेणारी साइट यांत मोठे अंतर आहे. पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवे लागतो. तो बँक खाते, पॅन आणि साइटवर परताव्याचे, गोपनीयतेचे धोरण मागतो. कार्डावरच्या व्यवहाराला साधारण दोन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजार रुपयांच्या मागे तेवीस-चोवीस रुपये जातात. यूपीआयवरचे एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क, जानेवारी २०२० पासून शून्य असले तरी गेटवेवाला आपले सेवाशुल्क लावू शकतो. कार्डाचे नंबर साइटवर साठवण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने काढून घेतली आहे. ‘आम्ही साठवून देऊ’ म्हणणाऱ्या कारागिरापासून लांब राहावे.

जीएसटीची मेख बहुतेकांना उशिरा कळते. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की, काही हस्तकला वस्तूंसारखे अपवाद सोडता, उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची होते. कोल्हापूरहून बेळगावला मसाल्याची चार पाकिटे धाडली तरी तो आंतरराज्य व्यवहार. ताजा आंबा करमुक्त आहे, आंब्याचे लोणचे नाही. साइटवर ‘भारतभर घरपोच’ लिहिण्याआधी सीएला विचारलेले बरे.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव साइटवर द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. घरगुती उद्योगात हा अधिकारी म्हणजे मालकीणबाई स्वतः. पाकीटबंद मालाचे वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता साइटवर दिसायला हवेत. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांकही द्यावा. गिऱ्हाइकांचे नंबर गोळा करणाऱ्याने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घ्यावा. त्याचे सोपे सार असे की लागेल तेवढीच माहिती घ्यावी, कशासाठी ते सांगावे आणि ती दुसऱ्याला विकू नये.

कुरिअरचा हिशेबही साइटच्या आधी करावा. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. दोन किलो चकल्यांचे ४० बाय ३० बाय ३० चे खोके त्या हिशेबाने ७.२ किलोचे होते. ‘फ्री शिपिंग’ची पट्टी लावणाऱ्याने हा गुणाकार आधी करावा.

क्रम कसा लावावा?

सगळे मिळून पाहिले तर नव्या धंद्यासाठी शहाणपणाचा क्रम असा दिसतो. पहिल्या महिन्यात डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावे आणि नकाशावरची नोंद पूर्ण करावी. मग एकच पान, पण नीट: काय विकतो, कितीला, कुठे, कसे मागवायचे, आणि व्हॉट्सॲपचे बटण. साइट सुरक्षित असल्याचे ब्राउझरला दाखवणारे प्रमाणपत्र आता फुकट मिळते, त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला कारण विचारावे. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑर्डरी वहीत सांभाळणे अवघड होईल, तेव्हाच खरेदीची टोपली आणि पेमेंट गेटवे जोडावा. त्याआधी बांधलेले ऑनलाइन दुकान बहुधा रिकामे राहते, त्याचे भाडे मात्र चालू राहते.

देखभालीसाठी दर वर्षी बांधणीच्या खर्चाचा काही हिस्सा बाजूला ठेवावा: नूतनीकरण, अपडेट, आणि साइटची एक प्रत आपल्या हार्डडिस्कवर. दर तिमाहीला स्वतःच गिऱ्हाईक होऊन फोनवरून एक ऑर्डर देऊन पाहावी.

आणि सहा महिन्यांनी ‘साइट जुनी वाटते’ असे कुणी म्हणाले तर लगेच नवी मांडणी करायला धावू नये. त्या महिन्यात फोनवर लोकांनी काय काय विचारले ते लिहून काढावे. जो प्रश्न रोज येतो आणि ज्याचे उत्तर साइटवर नाही, पुढचे पैसे ते उत्तर लिहिण्यावर खर्च करावेत.